सगळ्यात कमी रॅमवाल्याला आधी विचारा

वाचकांचे प्रश्न, संगणकाची उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही सहा जण मिळून गावातल्या छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर करतोय. मराठी आणि कन्नड दोन्हींत चालणारं, मुक्त स्रोत, कोड गिटहबवर. पायथन भाषा, तिच्यातला वेबसाठीचा सांगाडा जांगो आणि डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस वापरलंय. पावत्यांच्या पीडीएफसाठी वीझीप्रिंट. मी खानापूर तालुक्यात राहतो, दोघं बेळगावात, एक निपाणीत, एक धारवाडला (कन्नडची बाजू ती बघते) आणि एक नोकरीसाठी पुण्यात. पुण्याच्या मित्राकडे नवा मॅक, धारवाडच्या मैत्रिणीकडे उबंटू, बाकी आम्ही विंडोजवाले. माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. "माझ्याकडं चालतंय की" हे ऐकून कान किटले. सभासदांची यादी प्रत्येकाकडे वेगळ्या क्रमानं येते. पीडीएफमध्ये एकाकडे कन्नडच्या जागी चौकोन येतात. काही टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) रात्री फेल होतात आणि सकाळी पास. आता सगळ्यांनी एकच डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट (कोड लिहायची-चालवायची सगळी मांडणी) वापरायचं ठरलंय, पण पुणेकर म्हणतो डेव्ह कंटेनर सक्तीचा करा, धारवाडचं मत निक्स, बेळगावातला एक व्हेग्रंटवर अडून बसलाय. काय निवडावं?
— एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : निक्स की डॉकर (पुणेकराचा डेव्ह कंटेनर त्यावरच चालतो) ते नंतर सांगते. आधी तुमच्या तीन तक्रारी बघू, कारण भांडण हत्यारावरून चाललंय आणि तीनपैकी दोन दुखणी हत्यार बदलून जाणारी नाहीत.

रात्री फेल होणाऱ्या टेस्ट मला फार आवडल्या. त्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात फेल होतात का बघा, आणि फक्त विंडोजवाल्यांकडेच होतात का तेही बघा. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर कारण जवळजवळ नक्की आहे. जांगोचा नवा प्रोजेक्ट काढला की सेटिंग्जमध्ये टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहूनच येतो. लिनक्स आणि मॅकवर जांगो सुरू होताना सगळ्या प्रोसेसचं घड्याळ त्या टाइमझोनला लावून टाकतो. विंडोजवर त्याला तसं करता येत नाही. तुमच्या कोडमध्ये कुठंतरी पायथनचं साधं 'डेट टुडे' असणार. विंडोजवर ते भारतातली तारीख देतं, आणि जांगोचं स्वतःचं घड्याळ मात्र साडेपाच तास मागं. मध्यरात्र उलटली की एक म्हणतो आज, दुसरा म्हणतो काल. साडेपाच वाजले की दोघांचं पुन्हा जुळतं. टाइमझोन 'आशिया/कोलकाता' करा, आणि तारीख लागेल तिथं जांगोचंच 'लोकलडेट' वापरा. काम झालं.

आता गंमत बघा. पुणेकराचं ऐकून सगळे कंटेनरमध्ये गेला असता, तर ही टेस्ट सगळ्यांकडे पास झाली असती. कारण कंटेनर म्हणजे मशीनच्या आत वेगळा ठेवलेला छोटा लिनक्स, तिथं दोन्ही घड्याळं यूटीसीवरच चालतात. चूक तशीच राहिली असती, फक्त दिसली नसती. वाचनालय पहाटे पाचला उघडत नाही हे मान्य. पण ग्रंथपाल रात्री जागून साठलेल्या नोंदी चढवायला बसतात, तेव्हा परतीच्या तारखा एकेक दिवसानं सरकल्या असत्या. दंडाच्या एका रुपयावरून गावात किती बोलणी होतात हे वेगळं सांगायला नको. निरनिराळ्या मशीनवर काम करण्याचा हा फायदा आहे. तो पुरता गमावू नका.

दुसरी तक्रार यादीच्या क्रमाची. 'काळे' आधी की 'काशीकर' आधी? युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढं बसवलाय, श त्यानंतर. म्हणून नुसत्या आकड्यांच्या हिशेबानं क्रम लावला की काळे वर येतात. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे काशीकर आधी यायला हवेत. पोस्टग्रेसला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो ज्या सिस्टिमवर बसलाय तिच्या लायब्ररीला विचारतो, आणि विंडोज, मॅक, उबंटू यांची उत्तरं सारखी येतील याची काही खात्री नाही. लिनक्स-लिनक्समध्येही फरक पडतो. आल्पाइन या लिनक्सची इमेज (कंटेनरचा तयार साचा) लहान असते म्हणून पुष्कळजण ती घेतात. तिच्यातल्या मसल लायब्ररीत भाषेनुसार क्रम लावायची सोयच नाही. डेबियन-उबंटूतल्या जीलिबसी या लायब्ररीनं २०१८ मध्ये २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, तेव्हा जुन्या पोस्टग्रेसचे इंडेक्स बिघडून कितीतरी लोकांना ते पुन्हा बांधावे लागले.

तेव्हा हा क्रम सिस्टिमच्या मर्जीवर सोडू नका. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या भाषांच्या लायब्ररीची कोलेशन (क्रमाचे नियम) आहेत आणि जांगोत ३.२ पासून ते फील्डवरच लिहिता येतं. नावाच्या फील्डवर मराठीचं आयसीयू कोलेशन लिहा आणि काळे-काशीकर ही जोडी टेस्टमध्ये घाला. ळ, क्ष, ज्ञ तुम्हाला हवे तिथं येत नसतील तर पोस्टग्रेस १६ पासून कोलेशनला आपले नियम जोडता येतात. एकाच यादीत दोन्ही लिप्या आल्या तर आधी मराठी की आधी कन्नड, हे मात्र तुम्हा सहांनाच ठरवावं लागेल. बेळगावच्या शहापुरात राहून मी त्यात पडणार नाही.

तिसरी तक्रार चौकोनांची, आणि इथं खरोखर एन्व्हायर्नमेंटचा प्रश्न आहे. फॉन्टपुरतं सोपं आहे : लोहित आणि नोटो हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यांच्या फाइल रेपोतच (गिटहबवरच्या तुमच्या कोडच्या साठ्यातच) ठेवा आणि स्टाइलशीटमधून त्याच वापरा. म्हणजे कुणाच्या मशीनवर काय आहे हा प्रश्न उरत नाही. पण वीझीप्रिंटला अक्षरं जुळवायला पँगो लागतो. जोडाक्षर, वेलांटी, कन्नडचा ओत्तक्षर, सगळं तिथं घडतं. लिनक्सवर पँगो एका आज्ञेत येतो. विंडोजवर तो बसवणं म्हणजे एक अख्खी दुपार आणि थोडा स्वभावही जातो. पोस्टग्रेसची नेमकी आवृत्ती आणि पँगो, या दोन गोष्टींसाठी तुम्हाला सामाईक पाया हवा. बाकी कशासाठी नको.

आता निवड. तुमच्या प्रोजेक्टचा पाया म्हणून डेबियन १३ हे लिनक्स घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, त्यात पायथन ३.१३ आणि पोस्टग्रेस १७ आहे, म्हणजे वर सांगितलेलं सगळं त्यात बसतं. या पायावर यायला दोन वाटा ठेवा आणि दोन्ही सारख्याच मानाच्या ठेवा. ज्यांच्याकडे रॅम आहे त्यांनी डॉकर कंपोजनं (अनेक कंटेनर एका फाइलीतून उभे करायचं साधन) डेबियन १३ वर बांधलेल्या पायथन आणि पोस्टग्रेसच्या इमेज चालवाव्यात. पुणेकराला डेव्ह कंटेनर आवडतो तर त्याची फाइल रेपोत असू दे, पण ती त्याच डॉकरफाइलकडे (इमेज कशी बांधायची ते लिहिलेल्या फाइलकडे) बोट दाखवणारी हवी, तिच्यात वेगळं काही बसवायचं नाही. आणि तुम्ही, ४ जीबीवाले, कंटेनरच्या भानगडीत पडूच नका. विंडोज, ब्राउझर आणि एडिटर यांच्यातच तुमची रॅम संपते. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) डेबियन घाला आणि पोस्टग्रेस, पँगो त्यातच सरळ बसवा. डब्ल्यूएसएल मुळात निम्मी रॅम घ्यायला बघतं, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालून ठेवा. आणि रेपो सी ड्राइव्हवर न ठेवता डेबियनच्या आतल्या होम फोल्डरमध्येच ठेवा, नाहीतर प्रत्येक फाइल उघडताना सीमा ओलांडावी लागते आणि टेस्ट रांगत चालतात. लॅपटॉप विंडोज १० वरच अडकलेला असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा नेहमीचा आधार संपलाय. मी तुमच्या जागी असते तर विंडोजच काढून डेबियन घातलं असतं. घरच्यांना बँकेचं काम आणि यूट्यूब चालल्याशी मतलब, ते त्यात चालतंय.

या दोन वाटा वेगळ्या होऊ नयेत यासाठी एकच पथ्य. कुठली पॅकेज लागतात याची यादी एकाच स्क्रिप्टमध्ये राहील. डॉकरफाइल तीच स्क्रिप्ट चालवेल, तुमच्या डेबियनवर तुम्ही तीच चालवाल, गिटहब ॲक्शन्सवरही (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या मशीनवर) तीच चालेल. पायथनच्या लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या लॉकफाइल नावाच्या यादीत गोठवून ठेवा. त्यासाठी यूव्ही हे साधन वापरा, वेगवान आहे. आमच्या उद्यमबागेत फाउंड्रीवाले पॅटर्न जपून ठेवतात आणि कास्टिंग पुन्हा काढतात. तसं तुमचं पॅटर्न म्हणजे ती स्क्रिप्ट आणि लॉकफाइल. इमेज कुणी फेकून टाकली तरी रडायचं कारण नाही.

ॲक्शन्स सार्वजनिक रेपोंना त्यांच्या साध्या मशीनवर फुकट आहेत, तेव्हा प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (माझा बदल मुख्य कोडात घ्या, या विनंतीवर) टेस्ट तिथं चालवा आणि तिथला निकाल अंतिम माना. 'माझ्याकडं चालतंय की' यावर मग वाद घालायची गरज नाही. ॲक्शन्सवर चालतंय का तेवढं बघायचं. विंडोजवरही एकदा चालवा, पीडीएफच्या टेस्ट वगळून. घड्याळासारख्या चुका अशाच सापडतात.

राहिले दोघे. व्हेग्रंटबद्दल मला जुना जिव्हाळा आहे. २०१० साली ते आलं तेव्हा पाठ करून बसवायची कामं एका फाइलीत आली, हे फार मोठं होतं. पण ते अख्खं मशीन आत उभं करतं, आणि तुमच्या ४ जीबीत दोन मशीनं मावत नाहीत. मॅकवालाही अडेल, कारण त्याचा प्रोसेसर एआरएम आणि तुमचे इंटेल. एकच तयार बॉक्स दोघांना चालायचा नाही. शिवाय ते करणाऱ्या हॅशीकॉर्प कंपनीनं २०२३ मध्ये परवाना बदलला, ते आता मुक्त स्रोत म्हणता येत नाही. तुमच्या कामात त्यानं लगेच काही अडणार नाही, पण मुक्त स्रोत प्रोजेक्टचं दारच तसल्या कुलपानं उघडायचं, हे मला पटत नाही. परवान्यावरूनच सांगते : डॉकर डेस्कटॉपला २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना पैसे पडतात, विद्यार्थ्यांना आणि बिनव्यापारी मुक्त स्रोत कामाला नाही. लिनक्सवरचं डॉकर इंजिन आणि त्याच कामाचं पॉडमॅन तर मुक्तच आहेत.

निक्सबद्दल धारवाडच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि बांधणी ते लिहून घेतं, विचार म्हणून तेच सगळ्यात शुद्ध आहे. उट्रेख्टच्या एल्को डोल्स्ट्रानं २००६ मध्ये त्यावर पीएचडी केली, आणि आज जे आपण लॉकफाइलनं अर्धवट साधतो ते त्यानं मुळापासून मांडलं. पण त्याची भाषा वेगळी शिकावी लागते, विंडोजवर ते थेट चालत नाही, आणि बिघडलं तर सहांपैकी एकीलाच दुरुस्त करता येईल. ती परीक्षेला बसली की प्रोजेक्ट बंद. सामाईक गोष्ट निवडताना मी एवढंच विचारते : रविवारी रात्री ही मोडली तर किमान दोघांना जोडता येईल का? निक्सला तुमच्यात उत्तर 'नाही' आहे. डॉकरला आणि साध्या डेबियनला 'हो'. मतदान कशाला घेताय? जो दुरुस्त करणार त्याच्या मताला वजन.

नेटचंही बघा. पायथनची पूर्ण इमेज उलगडल्यावर १ जीबीच्या आसपास जाते. 'स्लिम' ही छोटी इमेज त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शात भागते. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हा फरक मोठा आहे, आणि खानापूरच्या पावसात वीज आणि टॉवर दोन्ही रुसतात हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्यातला ज्याला कंटेनर चालवायचा आहे पण नेट नाही, त्याच्यासाठी डॉकरमध्ये 'सेव्ह' आणि 'लोड' या आज्ञा आहेत : इमेजची एक फाइल होते, पेनड्राइव्हवर घालून बसनं पाठवता येते. फक्त पेनड्राइव्ह बेळगावातल्यांकडून भरून घ्या. मॅकवर बांधलेली इमेज एआरएमची असते, तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपवर ती सरळ चालायची नाही. लायब्रऱ्यांचंही तसंच, एकदा उतरल्या की यूव्ही त्या जपून ठेवतं आणि नेट नसतानाही बसवून देतं.

शेवटचं काम निपाणीच्या मित्राला द्या. एखाद्या नवख्याला, ज्यानं हा रेपो कधी बघितला नाही अशा, रीडमी वाचून सेटअप करायला सांगायचं, आणि समोर बसून तोंड उघडायचं नाही. तो जिथं अडेल तिथं रीडमी चुकलाय. स्क्रिप्ट एकच असल्यामुळे रीडमी पाच-सहा ओळींचा होईल, मग तो मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवणं जड नाही. निवड काय केली आणि का, हेही एका छोट्या फाइलीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सातवा आला की तोच वाद पुन्हा काढणार, तेव्हा त्याच्या हातात ती फाइल द्यायची.

प्रश्न : मी निपाणी भागातल्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. मुलांनी मुक्त स्रोत प्रोजेक्टमध्ये भाग घ्यावा असं वाटतं, पण लॅबच्या मशीनवर ॲडमिनचे हक्क नाहीत, काहीच बसवता येत नाही. क्लाऊडवरचं एन्व्हायर्नमेंट वापरू का?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, वापरा, पण त्यावरच घर बांधू नका. गिटहब कोडस्पेसेसमध्ये वैयक्तिक खात्याला दरमहा १२० कोअर-तास आणि १५ जीबी जागा फुकट मिळते. दोन कोअरचं मशीन घेतलं तर ते ६० तास होतात, आठवड्याला दोन प्रॅक्टिकलं सहज निघतात. मुलं टॅब बंद न करता घरी जातात, म्हणून आपोआप बंद व्हायची वेळ ३० मिनिटांवरून १० वर आणायला सांगा. आणि काम गिटहबवर पुश करायची (पाठवून ठेवायची) सवय लावा. महिनाभर हात न लावलेली कोडस्पेस पुसली जाते, सुट्टीनंतर परत आलेल्या मुलांना काहीच सापडत नाही.

घर बांधू नका म्हणते याचं कारण : क्लाऊड९ हे असलंच क्लाऊडवरचं एन्व्हायर्नमेंट एके काळी सगळ्यांचं लाडकं होतं. २०१६ मध्ये ॲमेझॉननं ते घेतलं आणि जुलै २०२४ पासून नव्या ग्राहकांना दार बंद केलं. म्हणून प्रोजेक्ट असा निवडा, ज्याची डेव्ह कंटेनरची फाइल रेपोतच आहे. तीच फाइल कोडस्पेसेसवर चालते आणि उद्या घरच्या मशीनवरही चालेल.

ॲडमिन हक्क नसताना लॅबमध्येही अगदी हात बांधलेले नसतात. यूव्ही वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये बसतं, आणि पायथनसुद्धा तेच आणून देतं, कुणाची परवानगी लागत नाही. लॅबच्या धोरणानं बाहेरचे प्रोग्रॅमच बंद केले असतील तर गोष्ट वेगळी. पण तेवढं नसेल तर डेटाबेस न लागणारी कामं, म्हणजे भाषांतराच्या फाइली, टेस्ट, कागदपत्रं, यांपासून मुलं सुरुवात करू शकतात. वर खानापूरच्या पोरांना पीडीएफमधलं कन्नड वाचून तपासणारे हवेच आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकच एडिटर सक्तीचा करावा का? एकाची फाइल दुसऱ्यानं उघडून सेव्ह केली की सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात.
— एक वाचक, शिनोळी (ता. चंदगड)

उत्तर : नको हो. ज्याला जो हातात बसला तो त्याचा. ओळी बदलतात त्या एडिटरमुळे नाही, ओळीच्या शेवटामुळे. विंडोज दोन चिन्हं घालतं, लिनक्स एक. त्याच कारणानं तुमची शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून थांबत असणार. रेपोच्या मुळाशी गिट-ॲट्रिब्यूट्सची फाइल टाका : मजकुराच्या फाइलींना 'ऑटो', आणि शेल स्क्रिप्टना नेहमी लिनक्सचा शेवट. जोडीला एडिटरकॉन्फिगची फाइल, आणि पायथन असेल तर फॉर्मॅटिंग रफ या साधनावर सोपवा, म्हणजे टॅब की स्पेस हा वादही मिटतो. जुन्या फाइली एकदा 'गिट ॲड'च्या रिनॉर्मलाइज पर्यायानं साफ करून घ्या. तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा आणि त्या दिवशी कुणाची पुल रिक्वेस्ट उघडी नाही ना, हे आधी बघून घ्या.